पाणी सांडल्यावर मागे फिरलेली पोर

१

माझ्याइतका धीट माणूस महदियाच्या जुन्या गावात दुसरा नाही. सारं आयुष्य तारलीच्या बोटीवर इंजिनापाशी गेलं. वादळात बाकीचे खलाशी अल्लाचा धावा करत होते तेव्हा मी त्यांच्या बुटांच्या नाड्या एकमेकांत बांधत होतो. हे वाक्य लिहितो न लिहितो तोच बाहेर घराच्या चौकात काहीतरी पडलं, आणि मी असा दचकलो की चहा मांडीवर सांडला. मांजर होती. बहुतेक मांजरच होती. तेव्हा धीटपणाचं राहू द्या.

माझं नाव तिजानी. शाळेशी माझं फार जमलं नाही. मास्तरांच्या खुर्चीला मी डांबर फासलं, मास्तरांनी मला हाकलून दिलं, दोघंही सुखी झालो. त्यामुळे या लिखाणात चुका सापडतील. सापडल्या तर त्या तुमच्यापाशीच ठेवा.

गावात माझी कीर्ती खोड्यांची. न्हाव्याच्या पाण्याच्या पातेल्यात जिवंत ऑक्टोपस सोडणारा मीच. कॉफीहाउसातल्या साखरेच्या डब्यात मीठ भरून कोपऱ्यात तोंडं बघत बसणाराही मीच. मला पुरून उरली ती फक्त माझी बायको, मन्नूबिया. लग्नानंतर मी तिच्या पलंगाखाली खेकडे सोडले. तिने काही न बोलता ते रश्श्यात शिजवले आणि नांग्या माझ्या टोपीत शिवून टाकल्या. तेव्हापासून आमचा संसार असाच चाललाय.

हे सांगतोय ते यासाठी, की आमच्या घरात कसला आवाज आला तर भलतंसलतं काही आधी मनात येतच नाही. आधी मनात येतं, हा त्या दुसऱ्याचा उद्योग. त्यातच आमचे पुष्कळ दिवस वाया गेले.

२

आमचा एकुलता मुलगा नौफल ट्युनिसमध्ये कॉम्प्युटरवर काहीतरी काम करायचा. काय काम, ते त्याने मला अनेकदा समजावलं आणि मी प्रत्येक वेळी समजल्यासारखी मान डोलावली. मग त्याच्या लक्षात आलं की हे काम कुठल्याही देशात बसून करता येतं. सून सिहेमला तर कधीपासून जग बघायचं होतं. ठरलं. भाड्याचं घर सोडायचं, सामान आमच्याकडे आणून टाकायचं आणि वर्षभर, जमलं तर जास्तच, फिरत राहायचं. आधी तुर्कस्तान, मग जॉर्जिया, मग मलेशिया. चार वर्षांच्या दुर्साफला घेऊन.

"पोरगी म्हणजे काय सुटकेस आहे?" मन्नूबिया म्हणाली.

"उम्मी, लहानपणी जग पाहिलं की ते अंगात मुरतं."

"तू लहानपणी या गल्लीपलीकडे काही पाहिलं नाहीस. काय बिघडलं तुझं?"

"म्हणूनच तर निघालोय," नौफल म्हणाला. मी हसलो, आणि त्या संध्याकाळी मला मिरची जास्त पडलेला कुसकुस मिळाला.

त्याआधीचा सगळा उन्हाळा दुर्साफ आमच्याकडेच होती. दुपारी खिडक्या लावून सारं गाव झोपतं, तेव्हा हिला झोप नको असायची. हिरव्या प्लास्टिकच्या सपाता घालून ती चौकात गोल गोल पळायची. चट्ट चट्ट चट्ट. मधेच टाक्याच्या लोखंडी झाकणावर पाय पडला की ठण्ण. आमच्या चौकाखाली पावसाच्या पाण्याचं टाकं आहे, या भागातल्या सगळ्याच घरांत असतं. मी चिडून बाहेर यायचो, तोंडातली कवळी जिभेने पुढे ढकलून दाखवायचो, आणि ती हसायची. तिचं हसणं खोकल्यासारखं सुरू व्हायचं आणि उचकीवर संपायचं. तसं हसणारं दुसरं पोर मी पाहिलेलं नाही.

निघायच्या दिवशी टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. भाजलेल्या पिठाचा बसीसा डबा भरून दिला, मिठ्या झाल्या, रडणं झालं. तिघं उंबऱ्याबाहेर पडले आणि मन्नूबियाने तांब्यातलं पाणी त्यांच्या पाठीमागे उंबऱ्यावर ओतलं. प्रवासाला निघालेल्याच्या मागे आम्ही पाणी ओततो, म्हणजे माणूस सुखरूप परत येतो. आणि एकदा पाणी पडलं की मागे वळायचं नाही. काही विसरलं असेल तर घरातलं कुणीतरी ते खिडकीतून देतं. माझा चुलता एकदा पायजमा विसरला होता, तोही त्याला खिडकीतूनच मिळाला, सगळ्या गल्लीदेखत.

पाणी पडलं. आणि दुर्साफ आईचा हात सोडून वळली.

"माझी सपात!" असं ओरडत ती ओला उंबरा ओलांडून आत पळाली. आतून आवाज आला. चट्ट चट्ट चट्ट, ठण्ण, चट्ट. आम्ही सगळे हसलो. मन्नूबिया मात्र हसली नाही.

जरा वेळ गेला. सपात शोधायला लागतो त्यापेक्षा थोडा जास्तच. मग दुर्साफ बाहेर आली. रिकाम्या हाताने. पायात आधीचेच प्रवासाचे बूट.

"सापडली नाही का ग?" मी विचारलं. तिने नुसती मान हलवली.

"सगळे आत या," मन्नूबिया म्हणाली. "बसा, चहा प्या आणि पुन्हा निघा. मी पुन्हा पाणी ओतते."

"उम्मी, विमान चहासाठी थांबत नाही."

"नौफल, मी सांगते ते ऐक."

"पुरे आता!" नौफल म्हणाला, आणि त्याने पोरीला उचलून घेतलं. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मन्नूबिया रिकामा तांब्या धरून उभी राहिली. मी तिला म्हणालो, "चेहरा असा केलायस की पाहुणे नाही, कर्जदार पळालेत." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आत, चौकाकडे बघत होती.

नंतर आठवलं. बूट घालून आत गेलेल्या पोरीच्या पावलांचा आवाज सपातांचा कसा आला?

पण ते फार नंतर आठवलं.

३

दुपारी झोपलो होतो. पंखा फिरत होता, खिडकीच्या फळ्यांमधून उन्हाच्या पट्ट्या जमिनीवर पडल्या होत्या. बाहेर चौकात चट्ट चट्ट चट्ट.

अर्धवट झोपेत मला बरं वाटलं. दुर्साफ खेळतेय, असं मनात येऊन मी कूस बदलली. मग आठवलं की दुर्साफ इस्तंबूलला आहे.

शेजारचा पलंग रिकामा होता. मी मनात म्हणालो, वा मन्नूबिया! नातीच्या सपाता हातात घालून फरशीवर आपटत बसलीस, या वयात, या गुडघ्यांनी. खोडी चांगली होती. मी चोरपावलांनी बाहेर गेलो. चौक रिकामा होता. मन्नूबिया स्वयंपाकघरात पाठमोरी बसून मासे साफ करत होती.

"छान होतं," मी म्हणालो.

"काय छान होतं?"

"तुझं नाटक."

"सी तिजानी," ती म्हणाली. मला सी, म्हणजे साहेब, ती फक्त अपमान करायचा असला की म्हणते. "गेले काही दिवस तुझंच नाटक ऐकून घेतेय मी. रोज दुपारी. मला वाटलं होतं कंटाळशील."

मी शपथ घेतली. तिनेही घेतली. आम्हा दोघांच्या शपथांना या घरात काय किंमत आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या चपला लपवल्या. तिने माझी कवळी लपवली. दुपारी आवाज आलाच.

४

फोनवर त्यांची तोंडं दिसायची. सिहेम खुशीत असायची. मागे समुद्र, मशिदी, कधी मांजरांनी भरलेली गल्ली.

"बाबा, तुमच्या नातीचं मांजर झालंय," ती एकदा हसत म्हणाली. "घरभर फिरते आणि पावलांचा आवाजच नाही. परवा मी वळले तर पाठीशीच उभी! अशी किंचाळले मी."

"आजोबांवर गेलीय. चोरपावलं."

"नाही हो. या घराला लाकडी जमीन आहे. मी चालले तरी खालचा म्हातारा काठीने छत ठोकतो. ही पळत गेली तरी काही नाही. शेवटी मी तिच्या बुटांना घुंगरू बांधले."

"मग?"

"हातात घेऊन हलवले की वाजतात," सिहेम म्हणाली. "तिच्या पायात असले की नाही वाजत." आणि पुन्हा हसली. मग हसू मधेच तुटलं, जणू आपण काय बोललो ते तिला आत्ताच ऐकू आलं.

मन्नूबिया माझ्या खांद्यावरून बघत होती. फोनमध्ये दुर्साफ खिडकीशी बसली होती. तिने हात हलवला. मीही हलवला. फोन बंद झाल्यावर मन्नूबिया म्हणाली, "ऐकलंस?"

"स्वस्तातले घुंगरू असतील," मी म्हणालो.

५

खोडी करणाऱ्याला खोडी पकडता यायला हवी, नाहीतर त्याने हा धंदा सोडावा. मी दुपारी चौकभर बारीक रवा पसरला. अगदी हलक्या हाताने, खोलीच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत. मग मन्नूबियाला खोलीत आणून तिच्या पलंगावर बसवलं आणि स्वतः समोर बसलो.

"पाय दिसतील असे ठेव," मी म्हणालो.

"तुझेही."

आम्ही एकमेकांच्या पायांकडे बघत बसलो. तिच्या टाचेला भेग पडली होती. मी मनात म्हटलं, बाजारातून मलम आणायला हवं. इतकं साधं काही मनात चाललं होतं.

चट्ट.

स्वयंपाकघराकडून. चट्ट चट्ट चट्ट. टाक्याच्या झाकणावर ठण्ण. आमचे दोघांचे पाय जागच्या जागी. पावलं खोलीच्या दाराशी आली आणि थांबली. दाराला पातळ पडदा आहे. पडदा आतल्या बाजूला किंचित फुगला. वर नाही, खाली. लहान पोर पडद्यात तोंड खुपसून उभं राहतं, तेवढ्याच उंचीवर. दुर्साफ असंच करायची. कापडात तोंड घालून श्वास घ्यायची, कापड आतबाहेर, आतबाहेर.

पडदा आत गेला. बाहेर आला. आत गेला.

मी पाय पलंगावर ओढून घेतले. मन्नूबिया मात्र रोजच्या आवाजात म्हणाली, "दुर्साफ, झोपायची वेळ आहे. जा."

पडदा सैल पडला. पावलं माघारी गेली. हळूहळू, रुसल्यासारखी.

मी बाहेर धावलो. रव्यावर एकही ठसा नव्हता. फक्त मांजरीची पावलं. ती स्वयंपाकघरातून सरळ चौकाच्या मधोमध आली होती, तिथे थांबली होती, आणि मग कशाला तरी मोठा वळसा घालून पलीकडे गेली होती. वळशाच्या मध्ये रवा पांढराशुभ्र, गुळगुळीत.

मी स्वतःला समजावलं. टाक्यातलं पाणी कमी झालं की आवाज घुमतो. गच्चीवर कबुतरं असतात. वाऱ्याने पडदा हलतो, आणि म्हातारपणी माणूस ऐकायचं असतं तेच ऐकतो. पुष्कळ कारणं सापडली, एकाहून एक चांगली. रवा झाडताना मात्र, कबूल करतो, त्या मधल्या जागेत मी झाडू घातला नाही.

६

जॉर्जियातून फोन आला तेव्हा सिहेमच्या मागे बर्फाचे डोंगर होते आणि तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

"बाबा, ही हसत नाही."

"कधीपासून?"

"माहीत नाही. आधी लक्षातच आलं नाही. परवा नौफल बर्फात घसरून पडला, मी पोट धरून हसले, आणि हिच्याकडे पाहिलं तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "तुमचं ते करून दाखवा ना. कवळीचं."

हा तर माझा हुकमी एक्का. मी चौकात बाकावर बसलो होतो. कानामागे चमेलीचा गुच्छ होता, तो काढून नाकात खोचला. डोळे तिरळे केले. कवळी पुढे ढकलली, मागे ओढली, मग निखळून तळहातावर पाडली. एवढ्यावर न्हावीही हसतो, आणि त्याच्या मनात तो ऑक्टोपस अजून आहे.

दुर्साफ फोनमधून बघत होती. शांतपणे. दुकानाच्या काचेतून आत बघतात तशी.

आणि माझ्या पाठीमागे, चौकातच, खोकल्यासारखं काहीतरी सुरू झालं. ते वाढत गेलं, फुटलं, आणि उचकीवर संपलं.

माझ्या तळहातावरची कवळी खाली पडली.

"कोण आहे तिथे?" सिहेमने विचारलं. तिचा चेहरा फोनच्या अगदी जवळ आला होता. "बाबा, कोण हसलं?"

"टीव्ही," मी बोळक्या तोंडाने म्हणालो.

"तो तिचा आवाज होता."

"टीव्ही आहे ग."

फोनमध्ये तिच्या मागे दुर्साफने मान वाकडी केली होती. ती आता माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती, आणि तिचा ओठ थरथरत होता. दुसऱ्या पोराच्या हातात आपलं खेळणं दिसलं की पोरं बघतात ना, तसं.

७

आता मन्नूबियाबद्दल सांगतो. ती बरी झाली होती. गुडघे दुखायचे थांबले. केसांना मेंदी लागली. सकाळी गुणगुणायची. मी चेष्टेने म्हणालो, "नवरा बदलायचा विचार आहे का?" तर चक्क लाजली.

दुपारी ती झोपेनाशी झाली. बसीसा तेलसाखरेत कालवून छोट्या वाटीत घ्यायची आणि चौकात जाऊन बसायची. मी पडद्याआडून पाहायचो. तिचा हात वाटीतून वर जायचा, हवेत थांबायचा आणि खाली यायचा. एकदा तिच्या हातात फणी होती. फणी वरून खाली, वरून खाली, मधे गुंता लागल्यासारखी अडायची, आणि ती म्हणायची, "हलू नकोस ग, एवढंच."

एका सकाळी मी ब्रेड घेऊन घरात शिरलो आणि स्वयंपाकघरातून ऐकलं, "मीमा, आणखी."

दुर्साफ आजीला मीमा म्हणते. जगात दुसरं कुणी तिला मीमा म्हणत नाही.

त्याच दिवशी नौफलचा फोन आला. मलेशियातून.

"बाबा, ती बोलायची थांबलीय."

"म्हणजे?"

"तोंड उघडते. आवाज येत नाही. तपासण्या झाल्या, सगळं ठीक आहे म्हणतात. घसा ठीक, कान ठीक. खाते, पण वाळतच चाललीय. बाबा, मी रोज तिला उचलतो. कालच्यापेक्षा आज हलकी असते."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो. मन्नूबिया वाटी धूत होती.

"हे बंद कर," मी म्हणालो.

"काय बंद करू?"

"तुला माहीत आहे. आधी पावलं, मग हसणं, आता आवाज. तिकडे पोरगी विरघळतेय, मन्नूबिया. तू इकडे तिला घासाघासाने ओढून घेतेयस."

"मी कुणाला ओढलं नाही. ती स्वतः परत आली. पाणी पडल्यावर ती वळली तेव्हा मी म्हणाले होते, आत या, पुन्हा निघा. ऐकलं कुणी?"

"मग आता तिला जाऊ दे."

"कुठे जाऊ दे? महिन्या महिन्याला बदलणाऱ्या घरांत? जिथे शेजारच्यांना तिचं नावही ठाऊक नाही?" तिने वाटी पुसून फडताळात ठेवली. हळूच, आवाज न करता, घरात कुणी झोपलंय म्हणून ठेवतात तशी. "आयुष्यभर सगळ्यांची थट्टा केलीस, तिजानी. माझ्या वाट्याला एक खरी गोष्ट आलीय. तिच्यात पडू नकोस."



मी गच्चीवर जाऊन नौफलला फोन लावला. "परत या," म्हणालो. "उम्मीची तब्येत बरी नाही." खोटं बोलण्यात मी पटाईत आहे, पण हे खोटं होतं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

८

येणार हे कळल्यावर मन्नूबिया भांडली नाही. उलट घर धुऊन काढलं. मला धीर आला. माझ्या अडाणी डोक्यात एक सरळ गोष्ट बसली होती. पोर येईल, उंबरा ओलांडून आत जाईल, जे इथे राहिलंय ते तिला भेटेल, आणि आमची दुर्साफ पुन्हा एक होईल. चालेल तेव्हा वाजेल. हसेल तेव्हा उचकी लागेल. याहून जास्त मला काही नको होतं, आणि यावाचून चालणार नव्हतं.

शेजारच्या बलगासिमची गाडी मागून घेतली आणि मोनास्तीरच्या विमानतळावर गेलो. कानामागे ताजा गुच्छ, खिशात गोळ्या.

ते आले. नौफल वाळला होता. सिहेमने पोरीला दोन्ही हातांनी धरलं होतं. वाऱ्यात सामान धरून ठेवतात तसं.

"अझीझीकडे, आजोबाकडे ये," मी म्हणालो आणि तिला उचललं. इतक्या जोराने उचललं की ती माझ्या डोक्यापर्यंत वर गेली. मी चार वर्षांच्या पोरीचा अंदाज घेतला होता, आणि हातात आली रिकामी टोपली. उंच झाली होती. चेहरा तोच, भुवईवरचा तीळ तोच. मी तिच्या केसांत नाक घातलं. पोरांच्या केसांना घामाचा, उन्हाचा, बिस्किटांचा वास असतो. काहीच वास नव्हता.

गाडीत सिहेम माझ्याशेजारी बसली. मागे नौफल पोरीला धरून डोळे मिटून होता.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "मी आई आहे तिची. तरी तिला जवळ घेतलं की मला वाटतं मी तिचा फोटो धरलाय. असं वाटणारी बाई चांगली असते का?"

"थकलीयस तू. घरी गेलो की झोप."

"त्या दिवशी कोण हसलं होतं?"

मी गिअर बदलला. दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं मागे पळत होती.

भर दुपारी गल्लीत शिरलो. सगळ्या खिडक्या बंद, सावलीला कुत्रं. नौफल आणि सिहेमच्या पावलांचे आवाज दगडी भिंतींवर घुमत होते, सुटकेसची चाकं खडखडत होती, माझी जुनी चप्पल फरफटत होती. दुर्साफ आमच्या मधून चालत होती. मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. मग तिला पुन्हा उचलून घेतलं, कारण ते ऐकवत नव्हतं.

दार आतून बंद होतं.

आमच्या दाराला दिवसा कडी नसते. मी ढकललं. ठोठावलं. नौफलने हाक मारली, "उम्मी! आम्ही आलो!" आत काहीच हालचाल नाही. सिहेम माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बाबा, ही तुमची काही गंमत आहे का?" तिने विचारलं. तिला हो ऐकायचं होतं. मलाही हो म्हणायचं होतं.

बिजागरीपाशी फळी आकसून फट पडली आहे. मी पोरीला खांद्याशी धरून वाकलो आणि फटीला डोळा लावला. आधी नुसतं ऊन दिसलं. मग चौक. मग भिंतीच्या सावलीत, जमिनीवर पाय पसरून बसलेली मन्नूबिया. तिने मांडीवर आपली पांढरी चादर पांघरली होती, आणि चादर सपाट नव्हती. तिच्याखाली काहीतरी होतं. लांबट, वळकटी होऊन पडलेलं. मन्नूबियाचा हात त्याच्यावर हळूहळू थोपटत होता. हाताखाली चादर वर येत होती आणि खाली जात होती, वर येत होती आणि खाली जात होती. मग चादरीचं टोक एकदम उडालं, झोपेत पोरं लाथ मारतात तसं.

माझ्या खांद्यावर दुर्साफच्या बोटांनी माझी कॉलर घट्ट धरली. विमानतळापासून पहिल्यांदाच तिने काही धरलं होतं. तिला फटीतून काही दिसत नव्हतं, तरी तिने दाराकडे तोंड वळवलं होतं आणि ओठ उघडले होते. ओठांनी एक शब्द केला, मग पुन्हा तोच. मीमा. मीमा. आवाज नव्हता. माझ्या गालावर तिचा श्वाससुद्धा लागला नाही.

मी मोकळ्या मुठीने दार बडवलं.

"मन्नूबिया! दार उघड! दुर्साफ आलीय, दुर्साफला घेऊन आलोय!"

थोपटणारा हात थांबला. तिने मान वर केली आणि थेट त्या फटीकडे पाहिलं, जणू मी तिथे आहे हे तिला कधीपासून ठाऊक होतं.

"हळू बोल, मूर्खा," ती आतून दबक्या आवाजात म्हणाली. "दुर्साफ आत्ता कुठे माझ्या मांडीवर झोपलीय. तू कुणाला घेऊन आलायस?"